पहाटे पाच दहाचं पाणी

परीक्षानळीतलं पाणी गुलाबी झालं आणि मी ओरडले, "सापडलं!"

ऐकायला कोणीच नव्हतं. सोमवारची पहाट, पावणेसहाची वेळ. सिंगापूरमधल्या सेम्बावांगच्या एका टोकाला झाडीत लपलेला जुना बैठा बंगला, आणि त्याच्या बाजूच्या गवतात डोक्याला दिवा बांधून, मैल्याच्या चेंबरवर ओणवी झालेली मी. चेंबर म्हणजे घरातलं सांडपाणी टाकीत जाण्याआधी जिथे झाकण उघडून डोकावता येतं, तो चौकोनी खड्डा. त्यातलं थोडं पाणी मी नळीत घेतलं होतं, त्यात एक गोळी टाकली होती. पाणी गुलाबी झालं, आणि माझा साहेब आणि मी, दोघंही एका क्षणात चूक ठरलो. इतका आनंद मला बरोबर ठरल्यावरसुद्धा होत नाही.

माझं काम काय ते आधी सांगते. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कोणी विचारलं आणि मी सांगितलं, की समोरच्याचा बटाटेवडा हातातच राहतो. बाकी सगळे बँकेत नाहीतर आयटीत. मी मैल्यात. सांगलीला सिव्हिल इंजिनिअरिंग केलं, वीस वर्षं झाली इथे येऊन, आणि पाया लेबारच्या एका लहानशा कंपनीत सांडपाण्याची कामं बघते. जिथे सरकारी ड्रेनेज लाइन पोचलेली नाही तिथली. तुम्ही म्हणाल, सिंगापूरमध्ये अशा जागा आहेत? आहेत, बोटांवर मोजण्याइतक्या. एखादं बेट, काही शेतं, कामगारांचे तात्पुरते कॅम्प, आणि असा एखादा जुना बंगला, जिथपर्यंत पाइप न्यायचा उत्साह कोणाला झालेला नाही. तिथे अजून सेप्टिक टँक असते.

सेप्टिक टँकइतकी साधी यंत्रणा दुसरी नाही. तिला मोटर नाही, बटण नाही. जमिनीत पुरलेली एक टाकी. सांडपाणी एका बाजूने आत येतं. जड गाळ खाली बसतो, तेलकट भाग साईसारखा वर तरंगतो, आणि मधलं निवळ पाणी दुसऱ्या बाजूने शोषखड्ड्यात जातं. शोषखड्डा म्हणजे जमिनीखालचा खडीचा थर. तिथून ते मातीत मुरतं. संपलं. फक्त हे सगळं व्हायला टाकीतलं पाणी एक-दीड दिवस तरी स्वस्थ पडून राहायला हवं. एकदम भसाभस पाणी आत घुसलं की गाळ ढवळला जातो, तो पलीकडे शोषखड्ड्यात जातो, खडी बुजते, आणि पाण्याला जायला जागाच उरत नाही. मग ते वर येतं. म्हणजे अंगणात.

देवधरांच्या अंगणात ते दोन महिन्यांत तीनदा आलं होतं.

मंदार देवधर चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेच्या आयटी विभागात मॅनेजर. घरात तो, बायको ऋता, सेकंडरी टूमधली, म्हणजे आपल्या आठवीतली, मुलगी ईरा आणि मंदारचे वडील. आधीच्या शुक्रवारी तो आमच्या ऑफिसात आला तेव्हा मी नेहमीप्रमाणे टाकी किती लिटरची, शेवटची कधी उपसली, असं विचारायला लागले. तो म्हणाला, "नीलाताई, ते सांगतो. पण आधी घर का घेतलं ते सांगू का?"

त्याची आई दोन वर्षांपूर्वी गेली. पुण्याच्या धायरीचा फ्लॅट बंद करून तो वडिलांना इकडे घेऊन आला. तेव्हाचा कॉन्डो, म्हणजे फ्लॅट, चौदाव्या मजल्यावर. "बाबा बोलायचेच बंद झाले हो. शाळेत गणित शिकवलेला माणूस, आयुष्यभर दुसऱ्याची चूक काढत आला. इथे आल्यावर नुसते खिडकीत बसायचे. मग हा बंगला भाड्याने मिळाला. ऑफिसला जायला सव्वा तास लागतो, पण अंगण आहे. बाबांनी अळू लावलं, कढीपत्ता लावला, तोंडलीचा वेल चढवला. तीन महिन्यांत ते माझ्याशी पुन्हा भांडायला लागले. इतकं बरं वाटलं मला!"

आणि आता तेच घर जाणार होतं. तिसऱ्या वेळी वर आलेलं पाणी अंगणातून रस्त्याकडेच्या ड्रेनपर्यंत पोचलं होतं. इथे पावसाचे ड्रेन पुढे तलावांना मिळतात आणि तलावातलं पाणी लोक पितात. त्यामुळे हा प्रकार चेष्टेचा नाही. घराचं काम बघणाऱ्या मॅनेजिंग एजंट बाईंनी लेखी कळवलं होतं: येता सोमवार सोडून त्याच्या पुढच्या सोमवारी पाहणी. त्या दिवशी अंगण कोरडं नसेल, तर घर रिकामं करा.

"बाबांनी सांगून टाकलंय, परत त्या खुराड्यात जाणार नाही, धायरीला जाईन म्हणून," मंदार म्हणाला. "चौऱ्याहत्तर वय. दोन स्टेंट बसवलेत. तिथे बघणारं कोणी नाही."

माझा साहेब केल्विन हे सगळं कंप्युटरमागून ऐकत होता. मराठी त्याला कळत नाही, पण चेहरे कळतात. मंदार गेल्यावर मी सगळं सांगितलं, तेव्हा इथल्या बोलण्यातला 'लाह' जोडत तो म्हणाला, "पाऊस लाह, नीला. जानेवारी महिना. जमीन पाण्याने भरली आहे, टाकी जुनी, तडे गेले असणार. बाहेरचं पाणी आत शिरतंय. रिपोर्टमध्ये लिही, टाकी बदला. मालक बदलणार नाही. विषय संपला."

"आणि म्हाताऱ्याचं काय?"

"म्हातारा आपल्या स्कोपमध्ये नाही," तो म्हणाला. मग जरा वेळाने, "एक आठवडा घे."

केल्विनचं म्हणणं मलाही पटलं होतं, खोटं कशाला बोलू. बाहेरचं पाणी शिरतंय का ते बघायची एक जुनी रीत आहे. घर जागं व्हायच्या आत जायचं आणि चेंबर उघडायचा. कोणी नळ सोडलेला नसताना जे पाणी वाहताना दिसेल, ते झिरपलेलं. म्हणून सोमवारी पहाटे कंपनीची व्हॅन घेऊन मी पोचले. घराच्या मागच्या बाजूला एक दिवा दिसत होता, पण म्हातारी माणसं लवकर उठतातच, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. चेंबर उघडला तर खरंच पाणी वाहत होतं. स्वच्छ, नितळ, वास नाही. पाऊसच, मी मनाशी म्हटलं. आता गोळीचा उपचार करायचा आणि घरी जाऊन झोपायचं.

गोळीचं असं आहे: नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन घातलेलं असतं. पावसाच्या पाण्यात नसतं, जमिनीतल्या पाण्यात नसतं. गोळीला क्लोरीन भेटलं की पाणी गुलाबी होतं. आणि मैल्यात क्लोरीन फार वेळ टिकत नाही. म्हणजे हे पाणी नुसतं नळाचं नव्हतं, ते आत्ता, थोड्या वेळापूर्वी नळातून आलं होतं, आणि भरपूर आलं होतं.

मी केल्विनला फोन लावला. "केल्विन, पिंक! पिंक झालं!"

"कोण गेलं?" तो झोपेतून दचकून म्हणाला.

"कोणी नाही गेलं. नळाचं पाणी आहे! पाऊस नाही!"

"नीला," तो म्हणाला, "सहा वाजलेत लाह."

सात वाजता मी घराची बेल वाजवली. दार देवधर काकांनी उघडलं. उंच, सडपातळ, पांढरा सदरा, कपाळावर आठी. मी मराठी बोलते म्हटल्यावर आठी निम्मी गेली, आणि 'सकाळीच भरलंय' म्हणत त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. मग मी माझा फॉर्म काढला आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. वॉशिंग मशीन दिवसातून किती वेळा? डिश वॉशर आहे का? आंघोळी कशा, किती वेळ?

"शॉवर!" काका म्हणाले. "विचारूच नका. ही मंडळी शॉवरखाली उभी राहतात आणि पुढच्या आयुष्याचा विचार करतात. मी एका बादलीत आंघोळ करतो. एका. त्यातलं तांब्याभर उरतं."

"आजोबा, मी फाइव्ह मिनिट्सच घेते लाह," ईरा पावाचा तुकडा तोंडात धरून म्हणाली आणि बसला पळाली.

संशय साहजिकच ईराच्या शॉवरवर गेला. पण पहाटे पावणेसहाला ईरा झोपलेली होती. मग मी रीतसर सुरुवात केली. घरातले सगळे नळ बंद करायला सांगून मीटर बघितला: काटा स्तब्ध. म्हणजे पाइप कुठे फुटलेला नाही. संडासच्या टाक्यांमध्ये निळा रंग टाकला आणि अर्धा तास थांबले. टाकी झिरपत असेल तर भांड्यात निळं उतरतं. भांडं पांढरंशुभ्र. मीटरचा आकडा लिहून घेतला, सेप्टिक टँकमध्ये पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर सोडला आणि निघाले. हा सेन्सर दर मिनिटाला पातळी मोजतो आणि माझ्या फोनवर आलेख काढतो.

मंगळवारी सकाळी मंदारने मीटरचा फोटो पाठवला. चोवीस तासांत सोळाशे लिटर. एवढ्या घराला सहाशे पुरे व्हायला हवेत. बिल आपोआप बँकेतून जायचं, त्यामुळे मंदारने ते कधी उघडून बघितलेलं नव्हतं. आमच्या ऑफिसच्या पांढऱ्या बोर्डवर मी लाल पेनने लिहिलं: हजार लिटर कुठे जातात?

टाकी तीन हजार लिटरची. तिच्यात रोजचे हजार लिटर फुकटचे. शोषखड्डा बुजणार नाही तर काय होणार!

आणि मग आलेख आला. मी वीस वर्षांत इतका सुंदर आलेख पाहिला नाही. रात्रभर सपाट रेघ. पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी ती ताठ उभी चढते. दहा-बारा मिनिटांत जवळजवळ वीतभर. मग हळूहळू उतरते. मंगळवारी पाच दहा. बुधवारी पाच दहा. गुरुवारी पाच दहा. मी फोन घेऊन केल्विनच्या टेबलापाशी अक्षरशः पळत गेले.

"मशीन आहे," तो म्हणाला. "टायमर लावलेलं मशीन. माणूस इतका वेळेवर नसतो."

"त्यांच्या मशीनला टायमरच नाही. मी बघितलंय."

"मग भूत आहे. भुताचा रिपोर्ट कसा लिहिणार?"

मी मंदारला फोन केला. पाच दहाला घरात कोण उठलेलं असतं? "फक्त बाबा. आम्ही साडेसहाला उठतो. पण बाबा तर, माहितीये ना तुम्हाला, एक बादली."

एका बादलीचे वीस लिटर. मला हजार हवे होते. डोकं भंजाळलं. सोमवार चार दिवसांवर आला होता, आणि अंगणातली माती बुटाखाली अजून पचपच करत होती.

शुक्रवारी संध्याकाळी मी पुन्हा गेले. कशाला, ते मलाच नीट माहीत नव्हतं. घरभर हिंडावं, प्रत्येक नळ बघावा, एवढंच डोक्यात होतं. मंदार त्या दिवशी घरून काम करत होता, कॉलवर होता. काकांनी मला बसवलं आणि आतून पाणी आणलं. स्टीलचा पेला, वर झाकणी.

"घ्या. ताजं आहे. आज सकाळीच भरलंय."

मी पेला तोंडाला लावला आणि तसाच खाली घेतला.

सकाळीच भरलंय. ज्या गावात नळ उघडला की चोवीस तास पाणी, त्या गावात हा माणूस मला सांगत होता की पाणी आज सकाळीच भरलंय. आणि ते मला पाच दिवस खटकलं नव्हतं, कारण मी सांगलीची. आमच्याकडे माझी आई हेच म्हणायची, आणि ते म्हणायच्या आधी ती काय करायची तेही मी लहानपणी रोज बघितलेलं होतं.

"काका," मी शक्य तितक्या शांतपणे विचारलं, "आणि कालचं?"

"कालचं काय?"

"कालचं पाणी. त्याचं काय केलंत?"

"ओतलं," ते म्हणाले. मी काहीतरी खुळचट विचारल्यासारखं त्यांनी बघितलं. "शिळं पाणी कोण पितं?"

माझी ट्यूब अशी लख्ख पेटली की मी खुर्चीतून उठलेच. "कुठे भरता? मला दाखवता?"

ते खूष झाले. कोणी विचारतच नसावं. मागच्या बाजूला एक जुनी मोरी होती, बंगला बांधला तेव्हाची. त्या मोरीत सिमेंटचा हौद. तळाला बूच, बूच काढलं की पाणी थेट सांडपाण्याच्या नळीत. शेजारी झाकणांची दोन निळी पिंपं, ऋताने मोठ्या हौसेने आणून दिलेली. सगळं काठोकाठ भरलेलं, घासूनपुसून लख्ख.

"हा हौद बघूनच मी मंदारला म्हटलं, हे घर घे. पावणेपाचला उठतो. पाचला पिंपं आडवी करतो, हौदाचं बूच काढतो. घासतो, नळ सोडून धुतो. सहाच्या आत सगळं नवं पाणी. आजवर एक दिवस खाडा नाही."

"पण तुम्ही म्हणालात, एक बादली!"

"आंघोळीला एकच! ते वापरणं झालं. हे वापरणं कुठे आहे? हे पाणी भरणं आहे."

मला हसू येत होतं, नाचावंसं वाटत होतं. पण हे त्यांना सांगायचं कसं? ज्या घरासाठी सगळी धडपड चालली होती, ते घर हाच माणूस रोज पहाटे, नेमाने, घासूनपुसून घालवत होता. वर त्यांनी आणखी एक भर घातली: "आणि डासांचं तपासायला तो माणूस येतो ना, टॉर्च मारून बघून गेला. रोज पाणी बदलतो म्हटलं. 'व्हेरी गुड, अंकल' म्हणाला." त्यातही त्यांची चूक नव्हती. इथे जिथे तिथे हेच लिहिलेलं असतं, पाणी साठवू नका, साठवलंत तर बदला.

मी फोन काढला आणि आलेख त्यांच्या हातात दिला. "काका, तुम्ही गणिताचे. हे जरा बघून द्या. ही तुमच्या टाकीची पातळी. हजार लिटर रोज कुठून येतात ते मला सापडत नाहीये."

त्यांनी चष्मा लावला. अनेक वर्षांनी पेपर तपासायला मिळाल्यासारखे ते त्या आलेखावर वाकले. वेळ वाचली. पाच दहा. बोट दुसऱ्या दिवसावर गेलं. पाच दहा. तिसऱ्या दिवसावर गेलं. मग त्यांनी हौदाकडे बघितलं. ओठ हलायला लागले.

"एक पूर्णांक दोन, गुणिले पॉइंट आठ, गुणिले पॉइंट सहा. पाचशे शहात्तर. अधिक दोन पिंपं, चारशे." ते थांबले. "नऊशे शहात्तर. हे घ्या तुमचे हजार."

फोन त्यांनी मला परत दिला. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, आणि पुन्हा लावलाच नाही.

"म्हणजे गुन्हेगार मीच," ते म्हणाले.

मंदार कॉल संपवून मागे येऊन उभा होता. सगळं ऐकलेलं असावं. "बाबा, मला वाटायचं तुम्ही नुसतं भरता."

"भरायचं म्हणजे आधी ओतायला नको?" ते एकदम चिडले, आणि तितक्याच एकदम विझले. "मी धायरीला जातो रे. तुम्ही राहा इथे. माझ्यामुळे तुमचं घर नको जायला."

मी आजवर क्लायंटच्या घरगुती गोष्टीत बोललेले नाही. तो आमच्या धंद्याचा नियम आहे. पण तिथे माझ्याने राहवलं नाही. "काका, धायरीला जायचं काही कारण नाही. फक्त ओतणं थांबवा. हौद रिकामा ठेवा. मी वीस वर्षं इथे आहे, माझा नळ एकदाही गेलेला नाही."

"तुमच्या वीस वर्षांचं मला सांगू नका. मी चाळीस वर्षं पाणी भरलंय." आवाज चढला होता, पण डोळे भरून आले होते. "आमच्याकडे पाच ते सहा पाणी. ही उठायच्या आत घरातलं प्रत्येक भांडं भरलेलं असायचं. तिला एक दिवस हंडा उचलू दिला नाही मी. रिकामी भांडी ठेवून झोपायचं कसं, ते मला येत नाही."



शेवटी तडजोड झाली. एक पिंप राहील, झाकणासकट. त्यातलं पाणी दुसऱ्या दिवशी मोरीत जाणार नाही, झारीने अळवाला आणि तोंडलीला जाईल. दुसरं पिंप मंदार देऊन टाकेल. हौद कोरडा. शनिवारी टँकर बोलावून टाकी आणि शोषखड्डा दोन्ही उपसून घेतले. रविवारी आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडला. मी दिवसभर खिडकीत उभी राहून त्याला शिव्या घालत होते. अंगण कोरडं राहायला हवं होतं, आणि आता केल्विनचा पाऊस खरंच आला होता.

सोमवारी पहाटे पाचला मी स्वयंपाकघरात फोन घेऊन बसले. नवरा म्हणाला, मॅच आहे का? आहे म्हटलं.

पाच पाच. सपाट. पाच दहा. सपाट! पाच पंधरा, सपाट. मी मूठ हवेत उडवली. आणि पाच पंचवीसला रेघ हलली. राहवलं नाही वाटतं त्यांना. मी डोळे फाडून बघत राहिले. रेघ जेमतेम एक सेंटिमीटर चढली आणि थांबली. मी हिशेब केला. वीस लिटर. काकांनी पाहणीला माणसं येणार म्हणून लवकर आंघोळ उरकली होती. एका बादलीत.

नऊ वाजता एजंट बाई आल्या, बरोबर एक तपासनीस. दोघांनी अंगणात फेरी मारली. पावसाने वरची माती ओली होती, पण पाय रुतत नव्हता, वास नव्हता, चेंबरमध्ये पाणी खाली होतं. तपासनीसाने माझ्यासारखीच गोळी टाकून बघितली. रंग आला नाही. एजंट बाईंनी मला विचारलं, "काय रिपेअर केलंत?"

"काही नाही," मी म्हटलं. "पाणी कमी केलं."

त्यांना ते पटलं नसावं. पण तपासनीसाने सही केली. मंदार खाली मान घालून फोनशी चाळा करत होता, आणि मला दिसत होतं की तो रडतोय. काका ताठ उभे होते, सदऱ्याला इस्त्री. तपासनीसाला म्हणाले, "एनी डाउट, आस्क मी."

केल्विनने माझा रिपोर्ट वाचला. कारण: पहाटेचा एकदम सोडलेला विसर्ग. उपाय: वापरणाऱ्याच्या सवयीत बदल. "नट नाही, बोल्ट नाही, सिमेंट नाही. असा रिपोर्ट आपण कधी दिलाय?" पण त्याने तो पुढे पाठवला, आणि त्या दिवशी जेवायला गेलो तेव्हा हॉकर सेंटरच्या, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या, लाइनीत मला त्याने उभं राहू दिलं नाही, माझं ताट त्यानेच आणलं. केल्विनकडून एवढं कौतुक फार झालं.

महिन्याने मी सेन्सर काढायला गेले. सकाळी लवकरच गेले, उन्हाच्या आत. अंगण खडखडीत कोरडं. तोंडली लागली होती. काका झारी घेऊन वेलापाशी होते. मी विचारलं, झोप लागते का आता पहाटे?

"छे. पावणेपाचला डोळा उघडतोच. पहिले आठ दिवस काय करावं तेच कळेना. हात मोकळे. नुसता हौदाच्या काठावर बसून राहायचो."

मला ते लागलं. मी घर वाचवलं होतं आणि त्यांची पहाट काढून घेतली होती, आणि रिपोर्टमध्ये त्यासाठी रकानाच नव्हता.

"मग आता?"

"आता मंदार उठतो," ते म्हणाले. "एकदा बघितलंन मला तिथे बसलेलं. तेव्हापासून पाचला उठून येतो. चहा तोच करतो. पांचट करतो, सांगितलं तर ऐकत नाही." आणि वर्षानुवर्षांची सवय असल्यासारखी त्यांनी मुलाच्या चहाची पाच मिनिटं निंदा केली.

परत येताना सिग्नलला मी महिन्याचा आलेख काढून बघितला. पाच दहाला रेघ रोज सपाट आहे. आमचा सेन्सर चांगला आहे, एक बादली पकडतो. दोन कप चहा धरायची त्याची क्षमता नाही.